ब्रूस ली अजून नागपूरच्या शटरांवर काय करतो?

गोकुळपेठवाली

नमस्कार मंडळी. एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतो आहे.

गोकुळपेठेतून सक्करदऱ्याकडे रोज स्कूटरनं ऑफिसला जाते. त्या वाटेवर एका जिमच्या बोर्डावर, एका कराटे क्लासच्या शटरवर आणि चक्क एका सलूनच्या काचेवर ब्रूस ली आहे. पहिल्या दोन ठिकाणी उघड्या अंगाचा, छातीवर ओरखडे. सलूनमध्ये पिवळ्या कपड्यांत. सलूनवाल्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, त्याचा कट बघा ना." यावर काय बोलणार?

मुलगा सहावीत आहे. त्यानं याचा एकही सिनेमा पाहिलेला नाही, पण मैदानात कोणी पाय उंच उचलला की सगळी मुलं "ए ब्रूस ली" म्हणून ओरडतात. परवा मला विचारतो, "आई, हा खरा माणूस होता की कार्टून?" खरा होता, एवढं सांगितलं. पुढे काय सांगायचं ते सुचेना.

२० जुलै १९७३ ला तो हाँगकाँगमध्ये गेला, वय ३२. माझा तेव्हा जन्मही नव्हता. पन्नासहून जास्त वर्षं झाली. त्या काळातले आपले केवढे मोठे हीरो, ते कुठे आहेत शटरवर? आणि नागपूरचा या माणसाशी संबंध काय? ना तो हिंदी बोलला, ना इथे आला.

विकिपीडिया मी वाचू शकते, ते नको. तुमच्या मोहल्ल्यात, तुमच्या घरात तो कसा आला ते सांगा.

तर्री कमी

सोपं आहे ताई. फोटो फुकट आहे, पैसे मागायला कोणी येत नाही. बाकी पिक्चर म्हणाल तर जॅकी चॅन शंभर पट भारी, तो हसवतो तरी. आणि कुंगफू तर मुळात आपलाच. बोधिधर्म नावाचा बौद्ध भिक्षू इथून चीनला घेऊन गेला. म्हणजे आपलाच माल परत आला शटरवर.

टिमकीचा पेंटर

तर्रीभाऊ, फोटो तर शाहरुखचाही फुकटच आहे. जिमच्या शटरवर तो काढून द्या म्हणत मला अजून कोणी आलं नाही.

ताई, मी पेंटर आहे. शटर, दुकानाचे बोर्ड, ट्रकचे मागचे फाळके, गणपतीतले पडदे, सगळं केलं. फ्लेक्स आला आणि बोर्डाचं काम बसलं. शटर मात्र अजून हातानंच रंगतं, कारण शटरवर फ्लेक्स लावला तर वर गुंडाळताना तो फाटतो. तुमच्या वाटेवरचा कराटेवाला ब्रूस ली माझा असू शकतो. छातीवर तीन आणि गालावर एक ओरखडा असेल तर माझाच. बाकीचे पेंटर गालावरचा विसरतात.

तो का टिकला, ते आधी माझ्या धंद्याच्या हिशेबानं सांगतो. शटर म्हणजे आडव्या पट्ट्या. खाली रेड ऑक्साइडचं अस्तर, वर इनॅमल. चेहरा काढायला घेतला की नाक एका पट्टीवर येते आणि ओठ खाचेत जातात. दुपारी ऊन तिरपं झालं की प्रत्येक खाचेची सावली पडते आणि चांगला देखणा हीरो आजारी दिसू लागतो. बहुतेक हीरो चेहऱ्यावरच चालतात, म्हणून शटरवर मरतात. ब्रूस लीला चेहरा लागतच नाही. एक पाय वर, गुडघा छातीशी, एक हात पुढे आणि एक हनुवटीखाली. एवढा आकार नुसत्या काळ्या रंगानं भरून टाका, रस्त्याच्या त्या बाजूचं पोट्टंही सांगते कोण आहे ते. माझ्या आयुष्यात असे मोजकेच: गदावाले बजरंगबली, चालते गांधीजी, बोट दाखवणारे बाबासाहेब, घोड्यावरचे महाराज, आणि हा हाँगकाँगचा.

दुसरं म्हणजे अंग. जिमवाले म्हणतात अर्नोल्ड काढा. अर्नोल्ड म्हणजे सगळं शेडिंगचं काम, आणि पैसे द्यायच्या वेळी म्हणणार, "एवढा वेळ का लागला?" ब्रूस ली रेषेत होतो. उंची पाच फूट आठ इंच, वजन साठ-पासष्ट किलो. आमच्या मोहल्ल्यात अशा मापाचा पोट्टा कोणत्याही पानठेल्यावर उभा दिसेल. फरक एवढाच की त्याच्या अंगावर फालतू काही नव्हतं. एका जिमवाल्यानं मला म्हटलं, "पेंटर, दंड थोडे फुगव, गिऱ्हाईक आलं पाहिजे." फुगवले. दोन दिवसांनी त्याचीच पोरं विचारून राहिली, "हा कोण नवीन?" मग खरवडून पुन्हा बारीक केला. पैसे दोनदा घेतले.

आता घरात कसा आला ते.

माझे वडील मॉडेल मिलमध्ये विणाई खात्यात होते. पिक्चरचा त्यांना मनापासून राग. पण गणपतीत मंडळ भाड्यानं व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही आणायचं आणि एका रात्रीत तीन पिक्चर व्हायचे. भाडं पूर्ण रात्रीचं ना, मग वसूल नको करायला? पहिला देवाचा, तो सगळ्या बायका आणि म्हाताऱ्यांसाठी. दुसरा अमिताभचा. बाया पोरांना उचलून घरी गेल्या की तिसरा, फायटिंगचा. त्या वेळेलाच वडील दुसरी पाळी संपवून सायकलनं यायचे.

त्या रात्री "द बिग बॉस" लागला होता, १९७१ चा, हीरो म्हणून त्याचा पहिला मोठा पिक्चर. तुमच्या मुलाला गोष्ट सांगायची तर अशी: हा गावाकडचा पोट्टा. थायलंडात नातेवाइकांकडे येतो आणि बर्फाच्या कारखान्यात कामाला लागतो. आईला शब्द दिलेला, मारामारी करणार नाही. गळ्यात तिनं दिलेलं लॉकेट, राग आला की तो ते बघतो. कारखान्यात बर्फाच्या लादीतून नशेचा माल जातो. ज्या कामगारांना ते कळतं ते गायब होतात. बाकीचे काम बंद करतात. मग मालकाची माणसं काय करतात? याला फोरमन करतात. जेवायला बोलावतात, दारू पाजतात. आणि कालपर्यंत बरोबर काम करणारे त्याच्याकडे पाठ फिरवतात.

वडील सायकल हातात तशीच धरून मांडवाच्या कडेला उभे राहिले. पिक्चर इंग्रजीत. आमच्यात कोणाला कळत होतं इंग्रजी? वडिलांना तर सहीपुरतंच मराठी. पण फोरमन केल्याचा सीन आला आणि ते मोठ्यानं बोलले, "जॉबर केला याला. गेला आता हा कामातून." मांडवातले मिलवाले सगळे हसले. शेवटी त्यानं मालकाला ठोकला तेव्हा वडील म्हणाले, "युनियन असती तर इतका वेळ लागला नसता," आणि जेवायला गेले. आमच्या वडिलांनी पूर्ण पाहिलेला मला माहीत असलेला हा एकच पिक्चर.

मला वाटते टिमकी, गोळीबार चौकाकडे तो पैलवान म्हणून आलाच नाही, कामगार म्हणून आला. आपल्या हीरोजवळ बंदूक असायची, घोडा असायचा, नाही तर बाप जमीनदार निघायचा. याच्याजवळ काय होतं? बनियान. "एंटर द ड्रॅगन"मध्ये तर त्या व्हिलनच्या बेटावर बंदूकच चालत नाही, जे काय करायचं ते हातापायांनी. ज्याच्याजवळ दुसरं काही नाही, त्याला याच्यापेक्षा चांगली सोय कोणती?

नानचाकूचं सांगायचं राहिलं. गणपती उठले आणि मोहल्ल्यातल्या हातमागांचे जुने दांडे कमी व्हायला लागले. सायकलच्या चेनचा तुकडा, दोन दांडे, झाला नानचाकू. मुलगा नेटवर वाचून सांगतो की हे हत्यार ओकिनावाकडचं, आणि इंग्लंडात सेन्सॉरनं त्याचे सीन वर्षानुवर्षं कापले, पोरं बिघडतील म्हणून. आमच्या इथे कापायला कोणी नव्हतं. त्यामुळे अर्धा मोहल्ला कपाळावर टेंगूळ घेऊन दसऱ्याला सोनं वाटत फिरला.

इंदोरा बाराखोली

पेंटरकाका, जॉबरवाली गोष्ट जबरदस्त. पण आमच्याकडे वजन दुसऱ्याच पिक्चरचं, "फिस्ट ऑफ फ्युरी"चं. साल १९७२. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, पण बाबा दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात.

सीन असा आहे. शांघायच्या एका बागेच्या दाराशी तो येतो. तिथे पाटी: कुत्र्यांना आणि चिनी माणसांना प्रवेश नाही. समोरून एक बाई कुत्रा घेऊन आत जाते, तिला कोणी अडवत नाही. एक जपानी म्हणतो, कुत्र्यासारखा चार पायांवर चाल, मग तुला आत नेतो. पुढे काय होतं ते सांगायला नको. शेवटी ती पाटी हवेत उडते आणि हा उडी मारून लाथेनं तिचे तुकडे करतो. बाबांनी हे सदरच्या टॉकीजमध्ये पाहिलं. पाटी फुटली आणि पडद्यावर चिल्लर पडली. ज्यांच्या आजोबांनी विहिरीवर आणि देवळाच्या पायरीवर असल्या पाट्या पाट्यांशिवाय सोसल्या, त्यांना सबटायटल कशाला लागतं?

मी मोठा झाल्यावर तो सीन पुन्हा पाहिला आणि एका ठिकाणी अडकलो. त्या बागेच्या दारावर, चिनी माणसाला हातानं अडवणारा पहारेकरी कोण आहे? फेटा बांधलेला शीख. म्हणजे आपल्याकडचा माणूस! हे दिग्दर्शकाच्या डोक्यातून आलेलं नाही, शांघायच्या परकीय वसाहतीत इंग्रजांनी खरोखरच शीख पोलीस ठेवले होते. स्वतःच्या देशात जो गुलाम, त्यालाच दुसऱ्याच्या देशात दारावर उभा करायचा. बाबांना हे दाखवलं. ते म्हणाले, "आम्ही पाटी बघत होतो रे, पहारेकरी कोण बघतो?"

इतिहासात ती पाटी त्या शब्दांत नव्हती, हेही सांगतो. हुआंगपू बागेच्या नियमावलीत बाग परदेशी लोकांसाठी राखीव आहे हे एक कलम होतं आणि कुत्र्यांना मनाईचं कलम वेगळं. लोकांच्या आठवणीत दोन्ही एका ओळीत आली आणि सिनेमानं तीच ओळ उचलली. चिनी लोकांना ती बाग खुली झाली १९२८ साली. आपल्याकडे चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. तारखा शेजारी ठेवून बघा.

अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांनीही त्याला असाच डोक्यावर घेतला. सिएटलमध्ये त्यानं शिकवायला सुरुवात केली तेव्हा पहिला विद्यार्थी जेसी ग्लोव्हर, काळा माणूस. "एंटर द ड्रॅगन"मध्ये त्याच्याबरोबर जिम केली हा काळा नट आहेच. ताई, "नागपूरशी संबंध काय" याचं माझं उत्तर हे आहे.

तर्रीभाऊ, बोधिधर्माबद्दल आदर आहे, आम्ही बौद्धच आहोत. पण त्यानं चीनमधल्या शाओलिन मठात कुंगफू शिकवला ही कथा फार उशिराची. ज्या पोथीवरून ती पसरली ती १६२४ ची, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेली. चिनी लोकांनी स्वतः केलेलं काम त्यांच्याकडे राहू द्या की.

सेन्सेई ताई

काकांचा ब्रूस ली ज्या शटरवर असतो ना, त्या शटरच्या आत मी बरीच वर्षं शिकवते आहे. म्हणून आतलं सांगते.

बाहेर ब्रूस ली, आत शोतोकान, म्हणजे कराटेची एक शैली. म्हणजे बाहेर चिनी माणूस आणि आत जपानी विद्या. पालक विचारतात, "यात ब्रूस लीसारखं शिकवता ना?" क्लासवाले "हो हो" म्हणतात आणि पांढरा पट्टा, पिवळा पट्टा, नारिंगी पट्टा, प्रत्येकाची परीक्षा, प्रत्येकाची फी. मी ज्या क्लासमध्ये शिकले, त्याचं नाव घेत नाही, तिथे तर परीक्षेच्या दिवशी सर्टिफिकेटवरसुद्धा त्याचं चित्र होतं.

आणि गंमत पुढेच आहे. या सगळ्याच्या विरोधात आयुष्यभर बोलला कोण? तोच! सप्टेंबर १९७१ मध्ये अमेरिकेतल्या "ब्लॅक बेल्ट" मासिकात त्याचा लेख आला होता. विषयच हा, की ठरलेल्या कराटेतून स्वतःला सोडवा. ठरलेले काता (एकट्यानं ओळीनं करायच्या हालचाली), ठरलेला बचाव, ठरलेला क्रम, याला तो मेलेली गोष्ट समजायचा. इप मान या गुरूकडे विंग चुन हा कुंगफूचा प्रकार शिकला, मग त्यात बॉक्सिंगचं पाऊल घातलं, तलवारबाजीतला पुढच्या हाताचा वार घातला, या स्वतःच्या पद्धतीला जीत कुन दो म्हणाला, आणि पुढे स्वतः काढलेल्या शाळासुद्धा बंद केल्या. ज्या माणसाला पट्टे नको होते त्याच्या चित्राखाली आम्ही पट्टे विकतो.

पण मी तक्रार करत नाहीये. हे आमिष नसतं तर मुलं दारात आली असती का? तो मुलगा ब्रूस ली व्हायला येतो. पहिले सहा महिने त्याला मी फक्त उभं राहायला शिकवते. निम्मे सोडून जातात. उरलेल्यांना काता कळायला लागतो, आणि मग त्यांना ब्रूस ली वेगळाच दिसतो. काता मला आवडतो, या बाबतीत माझं ब्रूस लीशी पटत नाही. मन शांत असल्याशिवाय तो नीट होत नाही. शिवाय टोकियो ऑलिंपिकमध्ये काताची पदकं होती, तेव्हा ती मेलेली गोष्ट म्हणायला माझी तयारी नाही.

एक गोष्ट मुलींसाठी. "एंटर द ड्रॅगन"मध्ये त्याच्या बहिणीचं काम अँजेला माओनं केलंय. ती अभिनेत्री खरोखर हापकिडो, म्हणजे कोरियन मारामारीची विद्या, शिकलेली होती. गल्ल्यांतून पळत ती एकटी कितीतरी पुरुषांना लोळवते. शेवटी सिनेमावाले तिला मारतात, ते मला अजून पटलेलं नाही. पण आमच्या घरी कराटेला जायची परवानगी मी तो सीन आईला दाखवून मिळवली. आईनं विचारलं, "ही खरंच शिकलेली आहे की फसवाफसवी?" शिकलेली आहे म्हटल्यावर हो म्हणाली.

त्याच पिक्चरची सुरुवातीची लढत पाहा, सामो हंगबरोबरची. बोटं उघडी राहणारे छोटे ग्लोव्हज, आणि शेवट हात अडकवून समोरच्याला हार मानायला लावून. आज एमएमएमध्ये, म्हणजे सगळे प्रकार मिसळलेल्या लढतींत, मुलं जे बघतात ते १९७३ च्या पडद्यावर आहे.

दंडबैठक

महालातल्या आखाड्यात लहानपण गेलं. आमच्या वस्तादांना ब्रूस ली अजिबात चालायचा नाही, "उड्या मारतो" म्हणायचे. त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं की हा उड्या मारणारा गामा पैलवानाच्या मेहनतीबद्दल वाचायचा आणि आपला दंड स्वतःच्या व्यायामात करायचा. तिकडे त्याला कॅट स्ट्रेच म्हणतात. चटईवर करतात, मातीत नाही, पण पाठीची कमान तीच.

ताई, "इथे आला नाही" म्हणालात, नागपूरला नाही हे खरं, पण भारतात आला होता. १९७१ च्या सुरुवातीला, जेम्स कोबर्न हा नट आणि स्टर्लिंग सिलिफंट हा लेखक यांच्याबरोबर. "द सायलेंट फ्लूट" नावाच्या सिनेमासाठी जागा बघायला. कारणही मजेशीर: वॉर्नर ब्रदर्सचे रुपये भारतात अडकले होते, बाहेर नेता येत नव्हते, म्हणून इथेच सिनेमा काढून ते खर्च करायचे. कोबर्नला जागा पसंत पडल्या नाहीत आणि बेत बारगळला. नाही तर त्याचा पहिला मोठा सिनेमा भारतात झाला असता, आणि पेंटरसाहेबांच्या वडिलांचा बर्फाचा कारखाना कदाचित राहूनच गेला असता.

शिवाय १९७० मध्ये पाठीला जबर दुखापत होऊन तो महिनोन्‌महिने पडून होता, तेव्हा जे. कृष्णमूर्तींची पुस्तकं वाचत होता. सेन्सेई ताई म्हणतात तो पट्ट्यांचा आणि पंथांचा राग, त्यात कृष्णमूर्ती किती आणि त्याचा स्वतःचा किती, हे ज्यानं दोघांचं वाचलंय त्यानं ठरवावं. मला तरी बरंच सारखं वाटतं.

तर्री कमी

बोधिधर्म सोडला. जॅकी सोडणार नाही.

एक अजून टाकतो, कोणी सांगायच्या आत. बोस्नियात मोस्टार नावाचं शहर आहे, युद्धात दोन तुकडे झालेलं. तिथे २००५ मध्ये ब्रूस लीचा पुतळा बसवला. का, तर तिथल्या सगळ्या जमातींना चालेल असा दुसरा कोणी माणूस सापडेना. आपल्याकडे एका चौकाच्या नावावरून दोन वर्षं भांडण चालतं, तिथे हा उपाय करून बघायला हरकत नाही.

गोकुळपेठवाली

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. पहारेकऱ्याचा सीन आज रात्रीच बघणार.

पेंटरकाका, दोन प्रश्न. काल मुद्दाम थांबून पाहिलं, कराटे क्लासच्या शटरवर गालावर ओरखडा आहे. तो तुमचाच का? आणि मुलाला पहिला कोणता पिक्चर दाखवू? तुमचं वाचून दाखवल्यापासून तो वहीत ब्रूस ली काढतोय, पण सारखा चेहऱ्यावरच अडकतो आणि खोडतो.

टिमकीचा पेंटर

गालावर असेल तर माझाच. खाली कोपऱ्यात फोन नंबर होता, तो क्लासवाल्यानं पुसून स्वतःचा टाकला. चालतंय.

पिक्चर: "बिग बॉस" पहिला नका दाखवू. त्यात चाकू, करवत, रक्त फार आहे, सहावीतल्या पोराला कशाला? "फिस्ट ऑफ फ्युरी" स्वतः शेजारी बसून दाखवा, बाराखोलीवाल्या भाऊनं लिहिलंय ते समजावून सांगता येईल. त्याच्या वयाला सर्वांत बरा "वे ऑफ द ड्रॅगन". तो त्यानं स्वतःच लिहिला, स्वतःच दिग्दर्शित केला, आणि त्यात तो विनोदीसुद्धा आहे. रोमला जातो, हॉटेलात काय मागवतो हे त्यालाच कळत नाही आणि समोर नुसते सूपचे वाडगे येतात. तर्रीभाऊ, जॅकीची कॉमेडी म्हणता ना, ती इथे बघून घ्या. शेवटी कोलोसियममध्ये चक नॉरिसबरोबर लढत. ती सुरू होण्याआधी दोघं बराच वेळ नुसते अंग मोकळं करतात, बोटं मोडतात. आणि चक नॉरिस मेल्यावर हा त्याचा ड्रेस आणि पट्टा त्याच्या अंगावर घालून गुडघ्यावर बसतो. पोराला ते बघू द्या. आजकालच्या फायटिंगमध्ये हरलेल्याकडे कोणी वळून बघत नाही.

पिवळा ड्रेस सलूनवाल्यानं लावलाय तो "गेम ऑफ डेथ"चा. ते शूटिंग अर्धवट राहिलं आणि तो गेला. पुढे १९७८ मध्ये त्याच्यासारखी दिसणारी माणसं घेऊन पूर्ण केला. पिक्चर बेकार. फक्त शेवटचा मनोऱ्यातला भाग खरा त्याचा आहे, सात फूट दोन इंचाच्या करीम अब्दुल-जब्बार या बास्केटबॉल खेळाडूबरोबरचा. रंग मात्र मी जपून वापरतो. पिवळ्या इनॅमलवर नागपूरचं ऊन दोन उन्हाळे पडलं की तो पांढुरका होतो, म्हणून त्यात थोडा नारिंगी मिसळायचा.

सेन्सेई ताई, तुमच्या क्लासचं शटर कोणाकडून करून घेतलं ते सांगा. माझं नसेल तर पुढच्या वेळी बोलवा. हवं तर खाली बारीक अक्षरांत लिहून देईन, "आत शोतोकान आहे."

आणि तर्रीभाऊ, जॅकीचा नुसता काळा आकार एका पाटीवर काढून इथे टाकतो. नाव न सांगता चार जणांनी ओळखला तर तर्री पोहा माझ्याकडून.

ताई, तुमच्या मुलाला सांगा, चेहरा सगळ्यात शेवटी. आधी कागदाच्या मधून एक उभी रेघ, हलक्या हातानं. जो पाय जमिनीवर आहे त्याची टाच त्या रेघेवर आली पाहिजे, नाही तर माणूस पडतो. मग कंबर, मग वर उचललेला गुडघा. हात त्याच्यानंतर. एवढं जमलं की डोक्याच्या जागी नुसता गोल काढायचा आणि घरातल्या कोणाला तरी विचारायचं, हा कोण? ओळखला नाही तर गुडघा खाली राहिलाय, तो वर घ्यायचा. आणि वहीच्या कागदावर खोडून खोडून भोक पडते, त्याला सीताबर्डीतून जाड ड्रॉइंग शीट आणून द्या.